डिजिलॉकर आणि विद्यापीठाची मार्कशीटं : कॉलेज ऑफिसातल्या माणसाचा रिव्ह्यू

धुळे जिल्ह्यातल्या एका सीनियर कॉलेजात ऑफिसला आहे, ॲडमिशन आणि परीक्षेचं टेबल माझ्याकडे. त्यामुळे डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं मोबाईलवर ठेवायचं सरकारी ॲप, मला दोन्ही बाजूंनी बघायला मिळतं, स्वतःच्या मोबाईलवर पण आणि खिडकीच्या आतून पण. बरेच जण विचारतात की हे ॲप खरंच कामाचं आहे का नुसतं सरकारी म्हणून घालून ठेवायचं. कामाचं आहे, खूप कामाचं आहे. पण निम्म्या पोरांनी ते भलत्याच पद्धतीने भरून ठेवलंय आणि ऐन ॲडमिशनच्या दिवशी उघडून दाखवतात तेव्हा त्यात धड काहीच नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. लॉकरमध्ये दोन कप्पे आहेत. एक इश्यूड डॉक्युमेंट्स, दुसरा ड्राइव्ह. ड्राइव्हमध्ये आपण स्वतः फोटो काढून, स्कॅन करून टाकतो ते जातं, १ जीबी जागा मिळते, एक फाईल १० एमबीपर्यंत. त्या फाईलची किंमत आपल्या गॅलरीतल्या फोटोएवढीच. इश्यूडमध्ये मात्र बोर्ड, विद्यापीठ, आरटीओ यांच्याकडून थेट आलेलं डॉक्युमेंट असतं आणि तेच ओरिजिनलच्या बरोबरीचं धरलं जातं, हे काही कोणी तोंडी सांगितलेलं नाही, डिजिटल लॉकरचे जे २०१६ चे नियम आहेत त्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये ९ए नावाचा नियम घातला त्यात हे लिहिलेलं आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पण विद्यापीठांना कळवलेलं आहे की डिजिलॉकरमधल्या डिग्र्या आणि मार्कशीटं वैध धरा. तेव्हा कुठल्या खिडकीवर कोणी म्हटलं की मोबाईलवरचं चालत नाही, तर वाद न घालता शांतपणे इश्यूडमधलं उघडून दाखवा आणि त्यावरचा क्यूआर स्कॅन करायला सांगा. ड्राइव्हमधलं असेल तर मात्र खिडकीवाला बरोबर आहे, हे लक्षात ठेवा.

ॲडमिशन सुरू झाल्या की रोज हेच. परवा साक्री तालुक्यातली एक मुलगी आली, सोबत वडील. बारावीची मार्कशीट घरी राहिली पण डिजिलॉकरला आहे सर, म्हणून मोबाईल पुढे केला. बघतो तर कॅमेऱ्याने काढलेला फोटो, खाली स्कॅनिंग ॲपचं नाव छापलेलं, डाव्या कोपऱ्यात कागद धरलेला अंगठा दिसतोय आणि बरोबर सीट नंबरवर ट्यूबलाइटची चमक. वडिलांचा चेहरा उतरला, म्हणे, "आते काय करानं भाऊ, परत गावले जानं पडी का?" मी म्हटलं आप्पा, बसा जरा, पाणी घ्या. मुलीच्याच मोबाईलवर सर्चमध्ये महाराष्ट्र बोर्ड काढलं, एचएससी मार्कशीट निवडली, सीट नंबर आणि पास झाल्याचं वर्ष टाकलं आणि आली मार्कशीट इश्यूडमध्ये. चहा यायच्या आत काम झालं. हीच गोष्ट घरी निवांत बसून आधी करून ठेवली असती तर त्या माणसाला तेवढ्या वेळात सुद्धा घाम फुटला नसता. एसटीने दोन गाड्या बदलून यायचं, त्या दिवसाची मजुरी बुडवायची आणि एका कागदासाठी परत जायचं, हे ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. धडगाव, मोलगीकडच्या पोरांचं तर विचारूच नका, त्यांना जळगावला बांभोरीला विद्यापीठात यायचं म्हणजे अख्खा दिवस जाण्यात आणि मुक्कामाची पंचाईत वेगळी. अशा पोरांसाठी हे ॲप म्हणजे खरंच मोठी सोय आहे आणि म्हणूनच ते नीट वापरलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आता हे आतून चालतं कसं ते थोडं सांगतो कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. इश्यूडमधली मार्कशीट खरं तर तुमच्या लॉकरमध्ये नसतेच. तिथे फक्त तिचा पत्ता असतो, तुम्ही उघडलं की ज्याने इश्यू केली त्याच्या रेकॉर्डमधून ती समोर येते. सातबाऱ्याचा उतारा आपल्या हातात असतो पण नोंद सरकार दफ्तरी असते ना, अगदी तसं. म्हणजे विद्यापीठाने रेकॉर्ड टाकलंच नसेल तर तुम्ही ॲप दहा वेळा डिलीट करून पुन्हा घेतलं तरी डिग्री दिसणार नाही, आणि विद्यापीठाच्या रेकॉर्डमध्ये नाव चुकलं असेल तर लॉकरमध्ये पण चुकीचंच दिसणार. पोरं ॲपला शिव्या देतात, एक स्टार देऊन मोकळी होतात, पण काम आमच्या बाजूचं असतं.

आमच्या बाजूचं म्हणजे नॅड, नॅशनल ॲकॅडमिक डिपॉझिटरी. जुलै २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा दोन डिपॉझिटरी कंपन्या ते सांभाळायच्या, २०२० पासून सगळं डिजिलॉकरकडे आलं. विद्यापीठं त्यात निकालाचा डेटा सीएसव्ही फाईलने, म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेल्या तक्त्याच्या फाईलने, चढवतात. ऐकायला सोपं आहे. पण ती सीएसव्ही कोणीतरी एक्सेलमध्ये उघडतो आणि तिथे खरी गंमत नाही, खरा घोळ होतो. एक्सेल १५ आकड्यांच्या पुढचा नंबर पूर्ण धरत नाही. १६ आकडी पीआरएन (विद्यार्थ्याचा विद्यापीठातला कायमचा नोंदणी नंबर) असला आणि तो कॉलम आधी टेक्स्ट केला नाही तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो, स्क्रीनवर तर २.०१ई+१५ असं काहीतरी दिसतं, आणि सेव्ह केलं की गेला मूळ आकडा, परत मिळत नाही. आता विचार करा, एका वर्गातल्या सगळ्या पोरांचे पीआरएन शून्यावर संपायला लागले तर कोणाची मार्कशीट कोणाला सापडणार. जिथे कुठे ही फाईल तयार होते तिथल्या माणसांना माझी हात जोडून विनंती आहे, कॉलम टेक्स्ट करा, आणि फाईल पाठवायच्या आधी पाच-दहा नंबर मूळ रजिस्टरशी ताडून बघा. आधारवरचं नाव, जन्मतारीख हे पण तसंच. तारीख एकीकडे दिवस आधी, दुसरीकडे महिना आधी.

नावाचा मुद्दा आपल्याकडे फार आहे. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आधारला स्वतःचं नाव आधी. त्यात कोणाच्या आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, कोणाच्या नुसतं अक्षर, कोणाचं भाऊसाहेब एका शब्दात आणि कोणाचं दोन शब्दात. लग्न झालेल्या मुलींचं तर दोन्हीकडे वेगळंच आडनाव. सिस्टीम नाव जुळवून बघते, फार फरक असला की डॉक्युमेंट देत नाही, आणि मला विचाराल तर ते बरोबरच आहे, नाहीतर कोणीही कोणाची डिग्री ओढून घेईल. पण त्यामुळे त्रास होतो तो खराखुरा आहे. अकरावीच्या सुट्टीतच आधार आणि दहावीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंग जुळवून घ्या, फायनल इयरला नको, तेव्हा नोकरीवाले मागे लागलेले असतात.

अपार आयडीबद्दल पण पोरं गोंधळतात. तो १२ आकडी नंबर म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं तुमचं खातं, २०२१ ला हे क्रेडिट बँकेचं प्रकरण सुरू झालं, आता प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक, त्यात जमा व्हायला पाहिजेत. डिजिलॉकरमधूनच तो काढता येतो, फुकट आहे, कोणाला पैसे द्यायचे नाहीत. परीक्षा फॉर्मवर तो टाकताना दुसऱ्याच्या मोबाईलवरून घाईत टाकू नका, स्वतःच्या लॉकरमध्ये बघून टाका.

आता सुरक्षिततेचं, जे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ॲप स्वतः बऱ्यापैकी भक्कम आहे. ओटीपी आहे, वरून सहा आकडी पिन आहे, कधी काय उघडलं त्याची नोंद ॲक्टिव्हिटीमध्ये दिसते. २०२० मध्ये त्याच्या लॉगिनमध्ये एक मोठी त्रुटी सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिली होती, ती दुरुस्त केली गेली. म्हणजे अगदी अभेद्य असं काही नसतं, पण त्रुटी सापडते, दाखवली जाते आणि बुजवली जाते हे चांगल्या सिस्टीमचं लक्षण मी मानतो. धोका आहे तो ॲपच्या बाहेर, आपल्या झेरॉक्सच्या दुकानात.

कुठल्याही कॉलेजसमोरच्या दुकानात जा. पोरगं व्हॉट्सॲपवर दुकानदाराच्या नंबरला आधार, मार्कशीट, जातीचा दाखला, बँक पासबुक सगळं पाठवतं, दुकानदार कॉम्प्युटरवर डाऊनलोड करतो, प्रिंट मारतो, दहा रुपये घेतो. फाईल तिथेच राहते. एका दुकानात मी काउंटरच्या या बाजूने स्क्रीन बघितली, डेस्कटॉपवर वॉलपेपर दिसत नव्हता इतक्या फायली, एकीवर एक, कोणाचा आधार, कोणाचं उत्पन्न, मुलींचे पासपोर्ट फोटो, नावं सुद्धा पूर्ण. कोणीही पेनड्राइव्ह लावून पाच मिनिटांत उचलून नेऊ शकेल. दुकानदार वाईट माणूस नव्हता, त्याला डिलीट करायला वेळच नव्हता, मागे रांग उभी. आणि पोरांना तर फाईल परत मागायची असते हेच माहीत नाही. तर भावांनो आणि ताईंनो, प्रिंट झाली की तिथेच उभं राहून फाईल डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधून पण, लाजायचं काय त्यात. डिजिलॉकर दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडावंच लागलं तर लॉगआऊट बघूनच उठा. पिन दुकानदाराला सांगून "तुम्हीच काढा" असं अजिबात करू नका. आणि जिथे आधारचा पूर्ण नंबर लागत नाही तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात.

आमच्यासारख्या ऑफिसांनी पण स्वतःकडे बघायला हवं. कारण डिग्री लॉकरमध्ये गेली तरी बाकी सगळं, प्रवेश फॉर्म, टीसी, गॅप सर्टिफिकेट, जात वैधता, शिष्यवृत्तीचे कागद, याची स्कॅन कॉलेजच्याच कॉम्प्युटरवर असते. एका ऑफिसात, नाव लिहीत नाही, कित्येक बॅचचे स्कॅन एकाच कॉम्प्युटरच्या एकाच हार्ड डिस्कवर होते आणि उन्हाळ्यात लाईटच्या ये-जा मध्ये ती डिस्क बसली. बॅकअप होता, पण त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये. नंतर फोन करकरून पोरांना परत कागद मागवावे लागले, काही पोरं सुरतला कामाला गेलेली, काहींचे नंबर बंद. ते बघितल्यापासून मी तरी बॅकअप वेगळ्या डिस्कवर आणि ती डिस्क वेगळ्या इमारतीत यावर ठाम आहे. तिसरी प्रत संस्थेच्या अधिकृत क्लाउडवर. कोणाच्या पर्सनल जीमेलच्या ड्राइव्हवर नको, तो माणूस बदलून गेला की रेकॉर्ड त्याच्याबरोबर गेलं. एकच पासवर्ड सगळ्या स्टाफला माहीत, तो पण मॉनिटरला चिकटवलेला, हे तर बंदच झालं पाहिजे. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असलं तर कोणी काय उघडलं, कोणी काय बदललं याचा माग राहतो, उद्या कोणाच्या मार्कांवर शंका आली तर त्या मागावरच आपली बाजू मांडता येते. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, पोरांचा डेटा ही आता आपली कायदेशीर जबाबदारी आहे, हे संस्थाचालकांनी पण मनावर घ्यावं. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाईल उघडून बघावी, उघडत नसेल तर तो बॅकअप काय कामाचा.

परत ॲपकडे. पीडीएफ डाऊनलोड केली की त्यात डिजिटल सही असते. कॉम्प्युटरवर उघडली की बऱ्याचदा सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह आणि सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड असं दिसतं आणि लोक म्हणतात डॉक्युमेंट बोगस आहे. बोगस नसतं, त्या कॉम्प्युटरला सही देणाऱ्या यंत्रणेचं सर्टिफिकेट अजून ओळखीचं नसतं एवढंच. सहीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सर्टिफिकेट ट्रस्टेड यादीत घातलं आणि पुन्हा व्हॅलिडेट केलं की हिरवी टिक येते. आमच्या ऑफिसात आता सगळ्या मशीनवर हे करून ठेवलंय. मोबाईलच्या साध्या पीडीएफ व्ह्यूअरमध्ये सही तपासलीच जात नाही, तिथे क्यूआरवरच भागवायचं.

अजून एक अडचण आहे, जिला अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही. बरीच पोर्टलं २५० केबीच्या आतलीच फाईल मागतात आणि सहीवाली पीडीएफ त्यात बसली नाही की पोरं कुठल्यातरी फुकटच्या वेबसाईटवर जाऊन ती बारीक करतात. फाईल बारीक होते, पण सही तुटते, आणि वर आपली मार्कशीट कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जाऊन बसली ते देव जाणे. पोर्टलवाल्यांनी फाईल मागण्याऐवजी सरळ डिजिलॉकरमधून परवानगी घेऊन ओढून घ्यावी, ही सोय आहेच त्यात, वापरत नाहीत. तोपर्यंत बारीक करायचीच असेल तर स्वतःच्या मशीनवर करा आणि मूळ पीडीएफ वेगळी जपून ठेवा.

मोबाईल नंबरचं एक. आधारने लॉगिन केलं की आधारला जो नंबर जोडलाय त्यावरच ओटीपी येतो. आपल्याकडे पाचवीत आधार काढताना वडिलांचा नाहीतर मामाचा नंबर दिलेला असतो, ते सिम कधीच बंद झालेलं, किंवा वडील ऊसतोडीला गेलेले आणि फोन त्यांच्या खिशात. मग खिडकीवर उभं राहून पोरगं फोन लावतं, "पप्पा, काय नंबर उना ते सांगा", आणि तिकडे रेंज नाही. आधार सेंटरला जाऊन नंबर स्वतःचा करून घ्या, बारावीच्या निकालाच्या आधीच. आणि सातपुड्यातल्या गावांत राहत असाल तर रेंजमध्ये असतानाच पीडीएफ डाऊनलोड करून ठेवा, इंटरनेट नसताना लॉकरच्या भरवशावर तालुक्याला निघू नका.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापला तो नाव जुळलं नाही की ॲप नुसतं नाही म्हणतं, नेमकं काय जुळलं नाही ते साध्या भाषेत सांगत नाही, त्यासाठी. मराठीत स्पष्ट दोन ओळी दाखवल्या तर खेड्यातल्या पोराचा निम्मा हेलपाटा वाचेल.

जुन्या लोकांसाठी शेवटचं, कारण हे पण खूप विचारतात. आपलं उमवि, म्हणजे जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं, त्याच्या आधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला होती. म्हणजे १९८५ ला जळगावात बी.कॉम. झालेल्या काकांची डिग्री पुण्याची आहे, ती लॉकरमध्ये उमविच्या नावाने शोधून सापडणार नाही. आणि कुठल्या सालापासूनचं रेकॉर्ड चढवलंय ते प्रत्येक विद्यापीठाचं वेगवेगळं, तेव्हा जुनी डिग्री दिसली नाही म्हणून घाबरू नका आणि कागदी डिग्री तर अजिबात टाकून देऊ नका, लॅमिनेशन पण करू नका, नंतर मागे शिक्का मारायचा असला की अडतं. अलीकडच्या बॅचचं असूनही दिसत नसेल तर तुमच्या कॉलेजात जा, जाताना पीआरएन, शेवटच्या परीक्षेचा सीट नंबर, पास झाल्याचा महिना आणि वर्ष एवढं एका कागदावर लिहून न्या. आधारची झेरॉक्स द्यायची गरज नाही, स्पेलिंग बघायला नुसतं दाखवलं तरी पुरतं.